देव मंत्र देतो, पण कोणत्या अटीवर? : गेमच्या नियमांतला धर्म कसा वाचायचा



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. "विषय ठरला, पुस्तकंही मिळाली, पण त्यांत नेमकं वाचायचं काय?" कादंबरीवर काम करणाऱ्याला निदान कथानक धरता येतं. ज्यांचं साहित्य म्हणजे नुसते नियम आहेत (ट्रस्टची घटना, सोसायटीचे बायलॉज, विद्यापीठाचे ऑर्डिनन्स, किंवा माझ्यासारखी खेळांची नियमपुस्तकं) त्यांची खरी पंचाईत होते. नियम कंटाळवाणे असतात. मग आपण प्रस्तावना वाचतो, चित्रं बघतो, दोन छान वर्णनं उद्धृत करतो आणि तक्ते उलटून पुढे जातो. पुढे व्हायव्हाला कोणीतरी विचारतं, "हे सगळं लेखकाने म्हटलंय, पण पुस्तकात तसं घडतं का?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून आज एकच गोष्ट जरा सविस्तर बघू: काल्पनिक जगातल्या रोलप्लेइंग गेममध्ये देवाकडून मिळणारी जादू आणि त्यातलं 'स्पेशलायझेशन' कसं चालतं. तुमचा विषय गेम नसला तरी वाचा. पद्धत तुमच्या कामाची आहे.

हे खेळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो, आणि एक जण सूत्रधार असतो, जो जग आणि बाकीची माणसं सांभाळतो. बोलून गोष्ट पुढे सरकते आणि शंका आली की फासे टाकतात. कोणाला काय जमतं, किती वेळा जमतं, त्याची किंमत काय, हे नियमपुस्तकात असतं. अशा प्रकारचा छापून विक्रीला आलेला पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ चा. पुढे मी त्याला डीअँडडी म्हणेन. दुसरा खेळ 'रूनक्वेस्ट', १९७८ चा. तो ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेल्या 'ग्लोरांथा' नावाच्या जगात घडतो. या दोघांची तुलना करण्याचं कारण सोपं आहे. दोन्हींत देव आहेत, देवळं आहेत, पुजारी आहेत, मंत्र आहेत. वर्णनं वाचली तर फारसा फरक वाटणार नाही. नियम वाचले तर दोन्हींत देवाशी असलेलं नातंच वेगळं आहे, हे दिसतं.

वर्णन एक सांगतं, तक्ता दुसरंच

धर्माच्या अभ्यासकांना जेम्स फ्रेझर यांचा जुना भेद आठवत असेल. 'द गोल्डन बाउ' या ग्रंथात (पहिली आवृत्ती १८९०) ते म्हणतात त्याचा आशय असा: जादूगार निसर्गशक्तींना आपल्या हुकमात ठेवू पाहतो, धार्मिक माणूस वरच्या शक्तीची विनवणी करतो. एकाकडे तंत्र, दुसऱ्याकडे याचना. आज मानववंशशास्त्रात हा भेद कोणी जसाच्या तसा घेत नाही, पण लोकांच्या मनात तो पक्का बसलाय.

आता १९७४ चा डीअँडडी घ्या. त्यात पात्रांचे तीन वर्ग: लढवय्ये, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे देवाचा माणूस. जादूगार पोथीतून मंत्र पाठ करतो, क्लेरिक देवाकडून मागून घेतो. वर्णन अगदी फ्रेझरच्या चौकटीतलं. पण तक्ते उघडा. दोघांनाही ठरावीक पातळीला ठरावीक संख्येने मंत्र मिळतात. दोघेही ते आधी निवडून ठेवतात आणि वापरला की तो मंत्र त्या दिवसापुरता संपतो. (वापरलेला मंत्र डोक्यातून पुसला जाण्याची ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आलेली आहे, तिचा देवाधर्माशी काही संबंध नाही.) म्हणजे याचना आणि तंत्र हा भेद वर्णनात आहे, नियमात जवळजवळ नाही. देव 'नाही' म्हणू शकतो असं सांगितलं जातं, पण तक्त्यात त्या 'नाही'साठी रकानाच नाही.

हा क्लेरिक आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. आर्नेसन यांच्या 'ब्लॅकमूर' या खेळात सर फँग नावाचा व्हँपायर फार डोईजड झाला होता. त्याला आवर घालायला कोणीतरी हवा, म्हणून हे पात्र तयार झालं. म्हणजे मूळ गरज होती भुतं पळवणाऱ्या माणसाची, पुरोहिताची नव्हे. त्या पहिल्या नियमांत क्लेरिकला पहिल्या पातळीवर एकही मंत्र नाही, पण मृतात्म्यांना परतवून लावण्याची ताकद मात्र पहिल्या दिवसापासून आहे. ही माहिती नसलेला अभ्यासक त्यातून 'आधी तपश्चर्या, मग प्रसाद' असं सुंदर तत्त्वज्ञान काढू शकेल. म्हणून प्रत्येक नियमाला आधी साधा प्रश्न विचारा: हा नियम कोणती अडचण सोडवायला आला?

पुढे १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी मंत्र येतात कुठून याचं स्पष्टीकरण दिलं. पहिल्या दोन पातळ्यांचे मंत्र क्लेरिकच्या स्वतःच्या शिक्षणातून आणि श्रद्धेतून येतात. तिसरी ते पाचवी या पातळ्यांचे देवाच्या दूतांकडून. सहावी-सातवी मात्र थेट देवाकडून. मला हा नियम फार आवडतो, कारण तो चक्क सरकारी कचेरीसारखा आहे. छोटं काम खिडकीवरच होतं, मधलं साहेबाच्या हाताखालच्यांकडून, आणि मोठ्या कामाला साहेबांची सही. इथे पहिल्यांदा 'देव' ही गोष्ट नियमात शिरते, कारण क्लेरिकचं वागणं बिघडलं तर वरच्या पातळीचे मंत्र अडवणारं कोणीतरी आता आहे.

स्पेशलायझेशन: वजाबाकी, बेरीज

'स्पेशलायझेशन' हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो आणि थिसिसमध्ये ते वेगळे ठेवायला हवेत. एक अर्थ समाजशास्त्रातला: धार्मिक कामाचा तज्ज्ञ कोण आणि साधा भक्त कोण? देव आणि लोक यांच्यामध्ये उभं राहण्याचा हक्क कोणाला? हा प्रश्न आपल्याला परका नाही. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपला. तिथेही भांडण भक्तीचं नव्हतं, नियमाचं होतं. दुसरा अर्थ खेळातला: तज्ज्ञांमध्येही कोण कशात तज्ज्ञ? युद्धदेवाचा पुजारी आणि शेतीच्या देवीचा पुजारी सारखेच मंत्र म्हणणार का?

डीअँडडीने आधी दुसऱ्या अर्थावर काम केलं. १९८९ ची दुसरी आवृत्ती घ्या. तिथे पुजाऱ्यांचे सगळे मंत्र सोळा 'स्फिअर'मध्ये, म्हणजे क्षेत्रांत वाटले आहेत: प्राणी, वनस्पती, हवामान, युद्ध, आरोग्य, सूर्य वगैरे. एखाद्या क्षेत्रात 'मोठा' प्रवेश असेल तर सगळे मंत्र खुले. 'लहान' प्रवेश असेल तर फक्त पहिल्या तीन पातळ्या. सर्वसाधारण क्लेरिकला बारा क्षेत्रं पूर्ण खुली, पंचमहाभूतांचं एक अर्धं खुलं, आणि प्राणी, वनस्पती, हवामान ही तीन बंद. ती तीन ज्याला पूर्ण खुली आहेत तो ड्रुइड, पण त्याला युद्धाचं क्षेत्र बंद. आता एखाद्या विशिष्ट देवाचा पुजारी तयार करायचा तर सूत्रधाराने त्या देवाला शोभेल अशी क्षेत्रं, शस्त्रं, आचारनियम आणि एखादी खास शक्ती ठरवायची. म्हणजे स्पेशलायझेशन ही इथे मुख्यतः वजाबाकी. तुमचा देव कोण, हे तुम्हाला काय करता येत नाही यावरून कळतं. १९९६ च्या 'फेथ्स अँड अवतार्स' या पुस्तकात 'फरगॉटन रेल्म्स' या जगातल्या एकेका देवासाठी असे पुजारी तपशिलाने दिलेत. लाथांडर या पहाटेच्या देवाचा विशेष पुजारी 'मॉर्निंगलॉर्ड' म्हणवतो आणि त्याची क्षेत्रं-शक्ती इतरांपेक्षा वेगळी असतात.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि गणित उलटं झालं. आता क्लेरिकच्या मंत्रांची एकच मोठी यादी आणि ती सगळ्यांना खुली. त्याशिवाय बावीस 'डोमेन'पैकी दोन निवडायची. प्रत्येक डोमेन एक जास्तीची शक्ती देतं आणि त्यांतून दर पातळीला रोज एक जास्तीचा मंत्र मिळतो. बंद काहीच नाही, फक्त स्वतःच्या किंवा देवाच्या नैतिक वृत्तीविरुद्धचे मंत्र सोडले तर. म्हणजे भक्ती ही बेरीज झाली. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात जादूगाराने एखाद्या शाखेत स्पेशलायझेशन केलं तर त्याला दुसऱ्या शाखा कायमच्या सोडाव्या लागतात. तज्ज्ञ होण्याची किंमत विद्येला आहे, भक्तीला नाही! मी पहिल्यांदा हे दोन परिच्छेद शेजारी ठेवले तेव्हा वाटलं, धडाच मिळाला. आधुनिक अमेरिकेतला धर्म हा 'ग्राहकाची निवड' झालाय, वगैरे वगैरे.

पण थांबा. असा दावा लिहिण्याआधी त्याच प्रकरणातला आणखी एक नियम बघायला लागतो. त्याच आवृत्तीत चांगल्या वृत्तीच्या क्लेरिकला तयार मंत्र ऐनवेळी जखम बरी करण्याच्या मंत्रात बदलता येतो. का? कारण टेबलावर जखमा बऱ्या करणारा कोणीतरी लागतोच, पण आयुष्यभर मलमपट्टी करत बसायला कोणी तयार नसतं. म्हणजे यादी मोकळी सोडण्यामागे खेळ नीट चालावा ही गरज आहे, आणि तिचा वाटा मोठा आहे. नियमाचा परिणाम आणि नियमाचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणामाबद्दल तुम्ही नियमपुस्तकावरून बोलू शकता. हेतूबद्दल बोलायला रचनाकारांची पत्रं, मुलाखती, मासिकांतले लेख लागतात. सिनॉप्सिसमध्ये 'ग्राहकाची निवड' हे वाक्य चालेल, पण ते परिणामाबद्दल असेल तर. हेतूबद्दल असेल तर गाईड ते खोडणार, आणि बरोबरच आहे.

आणखी एक बारकावा. तिसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात क्लेरिकला देव असलाच पाहिजे असं नाही. एखाद्या तत्त्वाला वाहून घेतलं तरी मंत्र मिळतात. पण त्याच नियमांवरचं 'फरगॉटन रेल्म्स'चं २००१ चं पुस्तक म्हणतं, या जगात प्रत्येक क्लेरिकला एक आराध्य देव हवाच. त्या जगात सामान्य माणसं प्रसंगाप्रमाणे अनेक देवांना हात जोडतात, तरी प्रत्येकाचा एक मुख्य देव असतो आणि ज्याने कोणालाच मानलं नाही त्याचा आत्मा मेल्यावर एका भिंतीत चिणला जातो. म्हणजे 'डीअँडडीमध्ये धर्म असा आहे' हे वाक्यच चुकीचं. कोणत्या आवृत्तीत? कोणत्या जगात? वहीत टिपण करताना सालाशिवाय एकही नियम लिहू नका.

एकच मुख्य देव ही कल्पना मराठी वाचकाला इथेच खटकायला हवी. आपल्या एका घरात जेजुरीचा खंडोबा कुलदैवत असतो, गावाची ग्रामदेवता वेगळी, घरातलं कोणीतरी आषाढीला पंढरीला जातं, आणि भाद्रपदात गणपती येतोच. यात कोणी 'मुख्य' असला तरी बाकीचे 'प्रसंगापुरते' नसतात. कुळाचं, गावाचं आणि मनाचं नातं वेगवेगळं असतं. डीअँडडीच्या देवांच्या पुस्तकांत अगदी सुरुवातीपासून, १९७६ पासून, भारतीय देवही आहेत. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये तर देवांना चिलखताचा आणि प्राणशक्तीचा आकडा दिलाय, कुठल्याही राक्षसाला देतात तसाच. यावर रागावणं सोपं आहे. अभ्यासाचा प्रश्न वेगळा आहे: देवमंडळ अनेकांचं, पण भक्ताने सही करायची एकाच देवाच्या फॉर्मवर, हा साचा बहुदैवतांच्या रूपातला एकेश्वरवादच नाही का? मला वाटतं, आहे. आणि तो वर्णनात कुठेही लिहिलेला नाही. तो आहे पात्राच्या कागदावर 'देव' या एकवचनी रकान्यात.

जिथे स्वतःतलं काही द्यावं लागतं

आता रूनक्वेस्ट. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माल इथे आहे.

ग्लोरांथामध्ये जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस कुठल्या ना कुठल्या पंथाचा असतो. वादळाचा देव ऑरलांथ, धरणीमाता एर्नाल्डा, मृत्यूचा देव हुमाक्त, आरोग्याची देवी चालाना अरॉय, असे अनेक. प्रत्येक देव काही 'रून'शी जोडलेला आहे. रून म्हणजे विश्वाच्या मूळ शक्तींची चिन्हं: हवा, पृथ्वी, मृत्यू, सत्य, सुपीकता वगैरे. २०१८ च्या आवृत्तीतला नियम असा: पात्राला 'पॉवर' नावाचा एक गुण असतो, माणसांसाठी तो सुरुवातीला तीन फाशांच्या बेरजेने ठरतो. पंथाची दीक्षा घेताना आणि नंतरही, या पॉवरमधला एकेक गुण कायमचा देवाला द्यायचा. जेवढे दिले तेवढे 'रून पॉइंट' मिळतात आणि प्रत्येकामागे पंथाचा एक खास मंत्र. मंत्र वापरला की पॉइंट खर्च होतात. ते परत कधी येतात? डीअँडडीसारखे रात्री झोपून सकाळी नाही. सणाच्या दिवशी, पंथाच्या पूजेत भाग घेऊन. ग्लोरांथाचं वर्ष २९४ दिवसांचं आहे: ५६ दिवसांचे पाच ऋतू आणि शेवटी १४ दिवसांचा पवित्र काळ. म्हणजे तुमची दैवी ताकद पंचांगाला बांधलेली आहे, आणि देवळाला. घरापासून दूर भटकणारा वीर हळूहळू रिकामा होत जातो.

हे एकदा हिशेब करून बघा, मजा येईल. पॉवर गमावली म्हणजे रोजच्या छोट्या जादूचा साठाही घटतो, कारण तो पॉवरएवढाच असतो. ती वाढवता येते, पण वाढीची शक्यता २१ वजा सध्याची पॉवर, गुणिले पाच टक्के. कोणाची पॉवर १२ असेल तर (२१ − १२) × ५ = ४५ टक्के. त्याने तीन गुण देवाला दिले, पॉवर ९ झाली, तर शक्यता (२१ − ९) × ५ = ६० टक्के. म्हणजे जो देतो त्याचं भांडं भरण्याची शक्यता वाढते. राखून ठेवणाऱ्याची कमी होत जाते. पुस्तकात 'दान करा' असा उपदेश फारसा नाही. सूत्र मात्र तेच करायला लावतं. मार्सेल मॉस यांचा दानावरचा १९२५ चा निबंध ज्यांनी वाचलाय त्यांना इथे लगेच दिवा लागेल. देणं हा इथे संबंध जिवंत ठेवण्याचा मार्ग आहे. त्याशिवाय दीक्षिताने उत्पन्नाचा आणि वेळेचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा. एकापेक्षा जास्त पंथांची दीक्षा घेता येते, पंथांचं आपसात वैर नसेल तर. पण प्रत्येकाचा दहावा हिस्सा वेगळा, पॉवरही वेगळी. आपल्या घरातल्या कुलदैवत-ग्रामदैवताच्या व्यवहाराच्या हे बरंच जवळ जातं.

आणि स्पेशलायझेशन? इथे वजाबाकीही नाही, बेरीजही नाही. तराजू आहे. काही रून जोडीने येतात आणि परस्परविरोधी असतात: मृत्यू आणि सुपीकता, सत्य आणि भ्रम, स्थैर्य आणि गती, सुसंवाद आणि बेबंदशाही, माणूस आणि पशू. जोडीची बेरीज नेहमी १००. मृत्यूशी नातं ८० टक्के झालं की सुपीकतेशी आपोआप २० टक्के उरतं. मंत्र साधतो की नाही याचा फासा याच टक्क्यांवर टाकायचा. म्हणजे हुमाक्तचा भक्त जितका चांगला भक्त होईल तितका तो जन्म देणाऱ्या, वाढवणाऱ्या शक्तीपासून दूर जातो. आणि रून ८० टक्क्यांच्या वर गेली की सूत्रधार सांगू शकतो: या स्वभावाविरुद्ध वागायचंय? मग आधी फासा टाका. तज्ज्ञ होणं म्हणजे इथे यादी बदलणं नाही, माणूस बदलणं आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्यांना हा नियम वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आधी सांगितलेला पहिला अर्थ, म्हणजे तज्ज्ञ कोण आणि भक्त कोण, तोही इथे नियमातच दिसतो, आणि आवृत्तीगणिक बदलतो. १९८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या दीक्षिताने पॉवर देऊन घेतलेला दैवी मंत्र एकदाच वापरता यायचा. वापरला की गेला, दिलेली पॉवरही गेली. पुजाऱ्याला मात्र तोच मंत्र पूजा करून परत मिळायचा. २०१८ मध्ये ही रेघ पुसली आणि दीक्षितालाही पॉइंट परत मिळू लागले. जगाचं वर्णन दोन्हीकडे जवळपास तेच, देवही तेच. पण एका नियमात पुजारी हा देवाच्या दारातला मक्तेदार आहे आणि दुसऱ्यात तो गावकऱ्यांमधलाच पुढचा माणूस. एवढा मोठा बदल एका ओळीत! वर्णनं वाचत बसणाऱ्याच्या हातून तो निसटणार.

इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या 'पर्सुएसिव्ह गेम्स' या पुस्तकात मांडलं की खेळ शब्दांपेक्षा प्रक्रियांमधून आपलं म्हणणं पटवतात. आपण इथे करतोय ते त्याच वाटेने, फक्त ते प्रामुख्याने व्हिडिओ गेमबद्दल बोलतात. टेबलावरच्या खेळात एक अडचण वाढते: प्रक्रिया चालवणारा कॉम्प्युटर नसतो, माणसं असतात. ती नियम विसरतात, वळवतात, आवडला नाही तर सोडून देतात. गॅरी ॲलन फाइन यांनी अशा खेळाडूंमध्ये बसून केलेला अभ्यास १९८३ मध्ये 'शेअर्ड फँटसी' म्हणून आला. पुस्तकातला नियम आणि टेबलावरचा खेळ यांत किती अंतर पडतं हे समजून घ्यायला तो आजही वाचण्यासारखा आहे. म्हणून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा की तुम्ही नियमपुस्तक अभ्यासताय की खेळ. दोन्ही करायचं असेल तर फील्डवर्कचे महिने आत्ताच धरा.

एक मंत्र घेऊन बघा

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मी सांगेन, अख्खं पुस्तक घेऊ नका. एक मंत्र घ्या. मेलेल्याला उठवण्याचा घ्या, कारण प्रत्येक धर्माला मृत्यूबद्दल काहीतरी म्हणावंच लागतं.

डीअँडडीच्या १९७८ च्या आवृत्तीत उठणाऱ्याने आपल्या शरीराच्या ताकदीवर फासा टाकायचा. तो चुकला तर माणूस कायमचा गेला. जमला तरी ती ताकद एकाने घटते. २००३ च्या सुधारित आवृत्तीत ५,००० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात आणि उठणाऱ्याची एक पातळी जाते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हिरा ५०० नाण्यांचा, आणि अशक्तपणा चार रात्री नीट विश्रांती घेतली की संपतो. किंमत शरीरातून बाजारात गेली आणि बाजारातही उतरली. त्याच आवृत्तीत आणखी एक गोष्ट नाहीशी झाली: तिसऱ्या आवृत्तीत पंथाचे नियम मोडणाऱ्या क्लेरिकचे मंत्र जायचे आणि ते प्रायश्चित्ताने परत मिळायचे. पाचव्या आवृत्तीत क्लेरिकच्या प्रकरणात असा नियमच नाही. या दोन बदलांचा एकमेकांशी संबंध आहे का, यावर एक छोटा पेपर सहज होईल.

रूनक्वेस्टमध्ये हीच ताकद चालाना अरॉयच्या पंथाचं वैशिष्ट्य आहे. त्या पंथाचे लोक शाकाहारी, आणि कुठल्याही बुद्धिमान जीवाला इजा न करण्याची शपथ घेतलेले. म्हणजे ज्यांना मेलेल्याला परत आणता येतं, त्यांना युद्धात स्वतःला वाचवण्यासाठीही कोणाला मारता येत नाही. टोळीत असा एखादा वैद्य असेल तर बाकीच्यांनी त्याला जपायचं. त्याच्या व्रताची किंमत सगळे मिळून मोजतात. आणि हुमाक्तच्या भक्तांना पुनरुज्जीवन वर्ज्यच. ज्याने मृत्यूलाच देव मानलं त्याने मेल्यावर परत यायचं नाही. आता समजा टेबलावर हुमाक्तचा भक्त खेळणारा एक जण आहे आणि शेजारीच चालाना अरॉयचा वैद्य खेळणारी त्याची मैत्रीण. हुमाक्तचा माणूस पडला. पुस्तकात उत्तर आहे. पण टेबलावर त्या संध्याकाळी ते दोघं, आणि सूत्रधार, काय करतात हे पुस्तकात नाही, आणि ते बघायला वही-पेन्सिल घेऊन तिथे बसावं लागतं.